पंप लपवू नका



एक वाक्य मी लग्न होऊन सासरी आले तेव्हापासून ऐकत आले आहे. "पंप एकदा लागला की सुटत नाही, म्हणून होईल तेवढं टाळावं." सासू सुनेला हे सांगते, जाऊ जावेला सांगते, मंदिराच्या ओट्यावर बसलेल्या आजी तर विचारलं नसलं तरी सांगतात. माझ्या मते दमा असलेल्या मुलांचं या वाक्यानं फार नुकसान केलं आहे. ते बोलणारी प्रत्येक बाई मायेपोटीच बोलते, म्हणून तिला कोणी अडवत नाही. आज मी अडवणार आहे.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेली गृहिणी आहे. पण आमच्या मोठ्या घरात बालदमा जवळून पाहिला आहे, आणि हिशेब मला कळतो. दम्यात हिशेबाला किती महत्त्व आहे ते पुढे सांगते.

आधी दमा म्हणजे काय ते बघू. फुप्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. दम्यात त्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि ती मूल हसत-खेळत असतानाही थोडीफार असतेच. त्यात धूर, धूळ, सर्दी, थंड हवा असं काही लागलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ सुटतो आणि छातीत शिट्टी वाजायला लागते. म्हणजे त्रास दोन तऱ्हेचा झाला. सूज रोजची, आवळणं प्रसंगाचं.

म्हणून पंपही दोन तऱ्हेचे असतात, आणि गोंधळ इथंच सुरू होतो. एक, बहुतेक निळा, साल्ब्युटामॉलचा. तो आवळलेले स्नायू सैल करतो, काही मिनिटांत मुलाला बरं वाटतं. दुसरा रोजचा, त्यात थोडं स्टेरॉइड असतं. तो सूज उतरवतो, पण त्याचा गुण दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. निळ्याचा गुण डोळ्यांना दिसतो म्हणून तो आपल्याला आवडतो. रोजच्याचा दिसत नाही, म्हणून मूल जरा बरं दिसलं की आपण तो कपाटात ठेवतो. ओल आलेल्या भिंतीला दर महिन्याला चुना काढावा आणि वरच्या गच्चीची गळती तशीच ठेवावी, तसं हे आहे. काही मोठ्या मुलांना डॉक्टर दोन्ही कामं करणारा एकच पंप देतात. आपल्या मुलाला कोणता कशासाठी दिला आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवं.

आता हिशेब. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. तो महिन्यात संपत असेल तर मूल रोज सहा-सात फवारे घेत आहे. वर्षात असे तीन किंवा त्याहून अधिक पंप लागले तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, आणि बारा लागले तर जिवाचा धोका. जगभरातले दम्याचे तज्ज्ञ हे आता स्पष्ट सांगतात. रोजच्या पंपाचं उलटं असतं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन असे फवारे सांगितले असतील आणि पंप १२० फवाऱ्यांचा असेल, तर तो तीस दिवसांत संपलाच पाहिजे. तीन महिने पुरला तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, कारण दोन महिन्यांचं औषध मुलाच्या छातीत गेलेलंच नाही. पंप आणला की त्यावर चिकटपट्टी लावून तारीख घाला, कॅलेंडरवर खूण करा. गॅसच्या टाकीची तारीख आपण लिहितोच ना?

स्टेरॉइड या शब्दाची भीती मला समजते. ती आकड्यांनीच घालवता येईल. "पंप नको, पातळ औषध द्या" म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच औषध पातळ रूपात एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, २ मिलिग्रॅम असतं. २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम, वीस फवाऱ्यांइतकं. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरतं, म्हणून मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथं हवं तिथंच जातं, म्हणून थोडक्यात भागतं. स्टेरॉइडचंही तेच. रोजचा पंप टाळला की झटका येतो, मग रुग्णालयात तोंडानं किंवा शिरेतून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते पंपातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. टाळायला गेलो स्टेरॉइड आणि पदरात पडलं जास्त.

"उंची खुंटते" असंही म्हणतात. ते अगदीच खोटं नाही, म्हणून आकडा सांगते. अमेरिकेत हजारावर दमेकरी मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या काही मुलांना चार ते सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइडचा पंप दिला होता. ती पूर्ण वाढल्यावर त्यांची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बोटाचं अर्धं पेर म्हणा. त्याच्या समोरच्या रकान्यात रात्र-रात्र बसून काढलेलं बालपण, बुडालेली शाळा आणि रुग्णालयाच्या फेऱ्या मांडा. बेरीज-वजाबाकी प्रत्येकीला जमेल. हा पंप मनानं अचानक बंद मात्र कधी करू नये, विशेषतः मात्रा मोठी असेल तर. कमी करायचा तो डॉक्टरांनी, पायरी-पायरीनं.

आता 'तीव्र दमा' या शब्दाकडे येते. मूल दोन-तीनदा रुग्णालयात गेलं की घरात म्हणू लागतात, "आमच्याचा फार तीव्र आहे हो." डॉक्टरांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नेमका आहे. मोठ्या मात्रेचं औषध रोज, योग्य पद्धतीनं घेऊनही आणि बाकीची कारणं दूर करूनही जो दमा आटोक्यात येत नाही, तो तीव्र. 'रोज' आणि 'योग्य पद्धतीनं' हे दोन शब्द त्यात महत्त्वाचे आहेत.

माझ्या नणंदेच्या आठ वर्षांच्या नातवाला एका वर्षात तीनदा दाखल करावं लागलं. शेवटी मुलांच्या छातीच्या तज्ज्ञांकडे नेलं. बाईंनी नवं औषध काही लिहिलं नाही. "बाळा, पंप कसा घेतोस ते दाखव," म्हणाल्या. त्यानं एकामागून एक दोनदा दाबला, नाकानं श्वास घेतला आणि लगेच स्पेसर खाली ठेवला. मग त्यांनी रोजचा पंप मागितला. जूनमध्ये आणलेला तो पंप ऑक्टोबरातही हलवला की वाजत होता. बाईंनी कोणाला बोल लावला नाही, फक्त शिकवलं. पंप नीट हलवायचा, स्पेसरला लावायचा, ओठ घट्ट मिटायचे, एकच फवारा दाबायचा आणि पाच-सहा सावकाश श्वास घ्यायचे. अर्धा मिनिट थांबून दुसरा. अगदी लहान मुलांना मास्क नाक-तोंडावर फट न ठेवता बसवायचा. नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा, फडक्यानं न पुसता तसाच वाळू द्यायचा. पुसल्यानं आत वीज साठते आणि औषध भिंतींनाच चिकटून राहतं. पुढच्या वर्षभरात त्या मुलाला एकदाही दाखल करावं लागलं नाही. दमा त्याला आजही आहे. तो क्रिकेट खेळतो.

पण मैत्रिणींनो, सगळं नीट करूनही ज्यांचं मूल धापा टाकतं अशा आयाही आपल्यात आहेत. थोड्या आहेत, पण आहेत. त्यांना "तू नीट देत नसशील" म्हणणं हे पाप आहे. त्यांच्या मुलाला खरोखर तीव्र दमा असू शकतो, किंवा दम्यासारखं दिसणारं दुसरंच काही असू शकतं. त्यासाठी तपासण्या आहेत. सहा वर्षांवरच्या काही मुलांना ओमॅलिझुमॅबसारखी ठरावीक आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनंही आता मिळतात. ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत, म्हणून ती कोणाला द्यायची ते तज्ज्ञच ठरवतात. अशा आईला सल्ला देण्याऐवजी एक रात्र तिच्या मुलाजवळ बसा आणि तिला झोपू द्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपण पंप लपवतो. मुलगा असेल तर थोडा, मुलगी असेल तर पुरता. "पाहुण्यांसमोर काढू नकोस." "सहलीला जातेस ना, मैत्रिणींना सांगू नकोस." दहा वर्षांच्या पोरीला हे सांगतात, का तर पुढं पंधरा वर्षांनी तिचं लग्न ठरवायचं आहे! आपल्या समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात, बातमी सांगलीहून सोलापूरला संध्याकाळपर्यंत पोचते, हे मलाही ठाऊक आहे. पण पंप लपवायला शिकलेली मुलगी धापही लपवायला शिकते. वर्गात छाती भरून येते, पिशवीत हात घालायची लाज वाटते, ती उठून प्रसाधनगृहात जाते आणि एकटी बसते. दम्यात सर्वात धोक्याची जागा म्हणजे एकटेपण.

ब्रिटनमध्ये दम्यानं मृत्यू पावलेल्या १९५ जणांची, त्यांत मोठी माणसं होती आणि मुलंही, एक-एक करून चौकशी झाली. तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्यातले ४५ टक्के लोक मदत मागण्याआधी किंवा मदत पोचण्याआधीच गेले होते. आणि ज्यांच्या दम्याची तीव्रता कळू शकली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा दमा सौम्य किंवा मध्यम समजला जात होता. म्हणजे "आमचीचा तसा काही फार नाही" हे म्हणणंही भरवशाचं नाही. वर्गशिक्षिकेला, खेळाच्या सरांना, बसमधल्या मावशींना सांगा. पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. ज्या घराला पंप घेणारी सून चालत नाही, त्या घरात तिला धाप लागल्यावर कोण उठणार आहे? असं स्थळ आधीच परत गेलेलं बरं.

घरात काय करता येईल? इथं आपल्या चालीरीती आपल्या मदतीला आहेत. झुरळांची विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचा भुगा दम्याच्या मुलांना फार त्रासदायक. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण, ओटा कोरडा, उष्टं-खरकटं रात्रभर राहत नाही. जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून जी स्वच्छता आपण पाळतो, तीच मुलाच्या छातीला हवी आहे. मारायला लागू नये म्हणून होऊच द्यायचं नाही. गादीतल्या न दिसणाऱ्या किड्यांसाठी चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत, गाद्यांना ऊन द्यावं, पावसाळ्यात भिंतीची ओल काढावी. झाडताना मूल खोलीत नसावं, किंवा फडकं ओलं करून पुसावं. पण एवढ्यानं पंप सुटेल असं कोणी समजू नये. हे पंपाच्या जोडीला आहे.

धुराबद्दल बोलायला जड जातं, तरी बोलते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सगळा धूर फुप्फुसाला सारखाच. सुगंध दशमीला मंदिरात धूप किती जळतो ते आपण जाणतो. त्या दिवशी दम्याच्या मुलाला गाभाऱ्याजवळ उभं करू नका. सकाळी गर्दीआधी दर्शन करवून आणा. घरच्या पूजेत अष्टद्रव्यांतला धूप वाहायचा तर अग्नीवर न टाकता थाळीत वाहा. फुलांऐवजी केशरी अक्षता वाहणारे आपल्यातच आहेत, त्यांची भक्ती काही कमी ठरत नाही. अहिंसा पाळायची तर सुरुवात आपल्याच घरातल्या श्वासापासून व्हावी.

घराबाहेरचा धूरही हलका समजू नका. लंडनमधल्या एला आडू-किसी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीला फार तीव्र दमा होता. घर वाहत्या रस्त्यालगत. तीन वर्षांत पंचवीसहून अधिक वेळा ती रुग्णालयात गेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये वारली. तिच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यूचौकशी अधिकाऱ्यानं हवेचं प्रदूषण हे तिच्या मृत्यूचं एक कारण म्हणून नोंदवलं. आईला याची माहिती कोणी दिलीच नव्हती, हेही त्यानं नमूद केलं. आपल्या भागात शेतात पाचट पेटतं, दिवाळीत फटाके वाजतात. त्या वेळी खिडक्या लावून घेणं, मुलाला आत ठेवणं, आणि भाऊबंदांना पाचट जाळू नका म्हणून सांगणं आपल्या हातात आहे.

खाण्याचं थोडक्यात सांगते. केळं नको, दही नको, भात नको, असं करत मुलाच्या ताटात काही उरत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होत असेल तर तपासून घ्या. ऐकीव यादीवरून मुलाला उपाशी ठेवू नका. आपली मुलं कंदमुळं खात नाहीतच, त्यात आणखी काट किती मारायची?

आणि उपवास. दशलक्षणात मुलं हौसेनं उपवास धरतात, आपल्याला कौतुक वाटतं. पंपानं उपवास मोडतो का, हे शास्त्राचं उत्तर महाराजांना, माताजींना विचारावं, ते सांगायचा माझा अधिकार नाही. मला एवढंच माहीत आहे की सोळाकारण भावनांत तप आणि त्याग दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द आहे. ज्या मुलाची शक्ती श्वास घेण्यात खर्च होते त्याला एकासन पुष्कळ झालं, आणि तेही नको असलं तर णमोकार म्हणावा. रोजच्या पंपाची वेळ आपल्या दिनक्रमात छान बसते. सकाळी दात घासण्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी. चूळ भरली की ताट. सूर्यास्तापूर्वी सगळं उरकतं. निळ्या पंपाला मात्र दिवस-रात्र, पर्व-तिथी काही नाही. लागेल तेव्हा द्यायचा.

कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध देतात. हैदराबादला मृगाच्या सुमारास बत्तिनी घराण्याकडून जिवंत माशातून औषध गिळवतात, शाकाहारींना गुळातून. "गुळातून मिळतं, मग काय हरकत?" असं मला विचारलं आहे. एका चांदण्या रात्रीनं किंवा एका गोळीनं दमा गेल्याचा पुरावा नाही. बाजूलाच मासे तडफडत असताना आपण तिथं कशाला उभं राहायचं, हा माझा प्रश्न वेगळा. खरा धोका परतल्यावर असतो. "आता औषध झालं" म्हणून पंप बंद होतो.

शेवटी झटक्याच्या वेळेचं. डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या की त्रास वाढला तर निळ्या पंपाचे किती फवारे, किती वेळानं आणि केव्हा निघायचं. तो कागद फ्रिजवर लावा. मुलाला ताठ बसवा, झोपवू नका. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर होतात, पंपाचा गुण चार तासही टिकत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी निघा. १०८ला फोन करा आणि वाटेत कागदाप्रमाणे फवारे चालू ठेवा. छातीतली शिट्टी थांबली पण मूल मलूल झालं, तर आराम पडला असं समजू नका. हवाच आत जात नसेल तर शिट्टी कशी वाजेल?

हे लिहिलेलं सुनांपेक्षा सासवांनी आणि आजींनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. घरात शेवटचा शब्द बहुधा आपलाच असतो. या आठवड्यात एकच करा. नातवंडाचा पंप कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवा. येणारे-जाणारे बघू देत. कोणी विचारलं तर सांगा, "आमच्या बाळाला दमा आहे, हे त्याचं औषध."

जय जिनेंद्र.